मागे उभा राहणारा



खडकी म्हटली की हॉकी आणि धनराज पिल्ले. मी मात्र फुटबॉलवाला, तोही बचावफळीतला. म्हणून आज डेरिक परेरांविषयी बोलतो. गोव्याचे हे बचावपटू साळगावकरकडून खेळले, पुढे प्रशिक्षक झाले. २००५-०६ मध्ये त्यांच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली. आय-लीगमध्ये नवख्या पुणे एफसीला त्यांनी २००९-१० मध्ये तिसरं, २०१२-१३ मध्ये दुसरं स्थान मिळवून दिलं.

गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याचं क्वचितच. पण मागे उभा असतो त्याला सगळं मैदान दिसतं.

सर, माझ्याच पायाला लागून आपल्यावर गोल झाला, आपण हरलो. पुढच्या सामन्यात तुम्ही मला पुन्हा तिथेच उभं केलंत. आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.