मांजर वेशीबाहेर सोडले, पुढे काय?



मांजर नाही असे गाव आपल्या परभणी जिल्ह्यात सापडायचे नाही. धान्याची कोठी, कडब्याची गंजी, आडत बाजार, हॉटेलची मागची बाजू, सगळीकडे ते आहेच. ज्वारीची पोती उंदरांपासून राखणारा हा जुना चाकर, म्हणून त्याच्याविषयी माया असते. थोडी भीतीही असते. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे जुनी माणसे सांगत. त्यामुळे मांजर सहसा कोणी मारत नाही. पण घरात पिल्ले वाढली, की दुसराच तोडगा निघतो. पिल्ले पोत्यात घालायची आणि मोटारसायकलवरून दोन कोसांवर कॅनॉलच्या कडेला, नाही तर माळावर सोडून यायची. पाप लागत नाही आणि घरही मोकळे होते. आज मला या पोत्याविषयीच बोलायचे आहे.

पशुवैद्यक म्हणून माझी नोकरी याच जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत झाली. सोडलेल्या पिल्लांचे पुढे काय होते, ते मी पाहत आलो आहे. बरीचशी उपाशी मरतात, काही कुत्र्यांच्या तोंडी जातात. जी जगतात ती रानटी होतात. मांजरीची मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की माजावर येऊ शकते. गाभण राहिल्यावर साधारण नऊ आठवड्यांत ती विते आणि वर्षातून दोन-तीन वेळाही विते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पिल्लाला माणसाचा हात लागला नाही, तर पुढे ते माणसाळणे फार अवघड. अशा मांजराला घर नसते, वाटीतले दूध नसते. शिकार हेच त्याचे पोट.

आणि शिकार कोणाची? टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली, की यंदा पाऊस चांगला, असा अंदाज आपले शेतकरी बांधत आले. ही टिटवी घरटे करते ते उघड्या जमिनीवर. तितर, लावा, चंडोल यांची घरटीही जमिनीवरच असतात. रात्री दबकत फिरणाऱ्या मांजराला ती अंडी आणि न उडणारी पिल्ले म्हणजे वाढून ठेवलेले ताट. पिकावरचे किडे खाणारे सरडे आणि सापसुरळ्याही त्यातच जातात.

दुसरे नुकसान लवकर लक्षात येत नाही. गोदाकाठच्या उसात, नदीकाठच्या गवतात, जिंतूरकडच्या डोंगराळ भागात खरे रानमांजर राहते. काही भागांत त्याला बाऊल म्हणतात. त्याचे मुख्य खाणे उंदीर, म्हणजे ते शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदारच. आपण पोत्यातून सोडलेले मांजर त्याच्या हद्दीत शिरते, त्याचे भक्ष्य वाटून घेते, त्याच्याशी संकर करते आणि घरातले रोग त्याच्यापर्यंत पोचवते.

नुकसान घरापर्यंतही येते. कोंबडीची पिल्ले उचलली जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेळ्या-मेंढ्या गाभडण्यामागे टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवीही असू शकतो. तो मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात आणि पाण्यात जातो. तेव्हा कडब्याच्या गंजीवर मांजर विते, त्याकडे शेळीवाल्याने दुर्लक्ष करू नये. भटके मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रेबीज कुत्र्यापासून होतो, तसा मांजरापासूनही होतो.

मग सगळी मांजरे संपवावीत का? याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटाने दिले आहे. तिथल्या हवामान केंद्रातल्या उंदरांसाठी 1949 साली पाच मांजरे नेली. 1977 पर्यंत ती सुमारे 3,400 झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मारू लागली. मग मांजरांना मारणारा विषाणू सोडला, बंदुका चालवल्या, आणि 1991 पर्यंत बेटावर एकही मांजर उरले नाही. पक्ष्यांना दिलासा मिळाला, पण उंदीर राहिलेच. पुढे तेच उंदीर अल्बाट्रॉसची जिवंत पिल्ले कुरतडू लागले. पाच मांजरे सोडणे सोपे होते, निस्तरायला चाळीस वर्षे लागली आणि काम अजून पुरे झालेले नाही. शिवाय ते बेट होते. आपल्या शिवाराला कुंपण नाही. इथून मांजरे पकडून नेली, तर शेजारच्या शिवारातली येतील.

म्हणून उपाय पिल्ले होण्याच्या आधीचा हवा. मांजरीची नसबंदी ही रोजची, साधी शस्त्रक्रिया आहे. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम 2019 साली हाती घेतला. आपल्या परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. तिथे किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एकट्याला जमत नसेल तर ग्रामपंचायतीने शिबिराची मागणी करावी. रस्त्यावरच्या मांजरांना रोज दूध घालणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, की आधी नसबंदी, मग दूध. नुसते दूध घातले तर पिल्ले तेवढी वाढतात.

पाळलेले मांजर रात्री घरात किंवा कोठीत कोंडावे. उंदीर तिथेच असतात आणि टिटवीची अंडी बाहेर असतात. उपाशी ठेवल्यावरच ते उंदीर मारते, हा समज सोडून द्यावा. पोट भरलेले मांजरही शिकार करते, उपाशी मांजर मात्र घर सोडून भटकते. आणि उंदरांचा सगळा भार मांजरावर टाकू नका. गव्हाणी घुबडाला अशुभ म्हणून हाकलू नका, धामण दिसली की काठी उचलू नका.

पोत्याबद्दल शेवटचे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. प्राणी भुकेने-तहानेने तडफडेल अशा ठिकाणी त्याला विनाकारण सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. काशीचे सोन्याचे मांजर चुकवण्यासाठी काढलेली वाट अशी दोन्हीकडून महागात पडते. वेशीबाहेर सोडलेला त्रास शिवारात जातो, आणि शिवारही आपलेच आहे. घरात पुन्हा पिल्ले झाली, की पोते शोधू नका. पिल्लांना घरे शोधा आणि ती दूध तोडली, की त्यांच्या आईला घेऊन दवाखान्यात या.