फाटकाबाहेरची चाळीस पावलं



रस्त्यावरचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महामार्ग येतो. उलटलेला ट्रक, चेपलेली मोटार, घाटातलं अवघड वळण. बातमीही त्याचीच होते. पण आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा संबंध महामार्गाशी येत नाही. तो येतो सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतच्या चाळीस-पन्नास पावलांशी. दुधाची पिशवी आणायला निघालेले आजोबा, शाळेच्या रिक्षाची वाट पाहणारी मुलं, धुण्याभांड्याची कामं उरकून लगबगीने दुसऱ्या इमारतीकडे निघालेल्या मावशी, ही सगळी मंडळी याच चाळीस पावलांत भेटतात. त्या चाळीस पावलांविषयी मी आज बोलणार आहे.

आधी एक आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक चक्क पायी चालणारी होती. दुचाकीवरच्या मृतांचं प्रमाण शेकडा ४४ च्या वर होतं. दोन्ही मिळवले, तर तिघांतले जवळजवळ दोघे असे, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचं कवचसुद्धा नव्हतं. हे सगळे अर्थातच गल्लीबोळांत गेले नाहीत. पण चालणारा माणूस आणि दुचाकी यांची सर्वांत जास्त गर्दी कुठे असते, याचं उत्तर आपल्या दाराबाहेरच आहे.

मी पुण्याच्या एका उपनगरात राहतो. आमच्यासारख्या वसाहतींची गोष्ट सगळ्या शहरांत सारखीच आहे. एके काळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले होते. बंगल्यागणिक एखादी स्कूटर, क्वचित कुठे मोटार. मग बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. घरं दहापट झाली, गाड्या त्याहून वाढल्या. रस्त्याची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. त्यातला एक पट्टा दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्यांनी घेतला. पदपथावर सोसायट्यांनी गाडी चढवायला सिमेंटचे उतार बांधले, कुठे तुळशीवृंदावन आलं, कुठे कुंड्या आल्या. उरलेल्या चिंचोळ्या जागेतून वाहनंही जातात आणि माणसंही. त्यात मोठ्या रस्त्यावर सिग्नल लागला, की तो चुकवण्यासाठी मंडळी आपल्या गल्लीत शिरतात. शिरतात ती घाईतच, कारण घाई नसती तर सिग्नलला थांबली असती.

आता या घाईचा हिशेब मांडू. समजा, आपली गल्ली तीनशे मीटर लांब आहे. ताशी २० किलोमीटरने गेलं तर ती पार करायला ५४ सेकंद लागतात. ताशी ४० ने गेलं तर २७. म्हणजे वेग दुप्पट करून वाचले किती, तर २७ सेकंद. आणि या २७ सेकंदांची किंमत? वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शाळेत आपण सगळ्यांनीच हे सूत्र पाठ केलं होतं. गाडीच्या हँडलवर हात ठेवला, की ते नेमकं विसरायला होतं.

थांबण्याचं गणितही असंच आहे. समोर अचानक मूल आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असतील, तर ताशी ३० ची मोटार या सेकंदासकट सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ची मोटार त्या १३ मीटरमध्ये नुसता तो एक सेकंदच खर्च करते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागायचाच असतो. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोममध्ये झालेल्या जागतिक रस्ता-सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटर ही कमाल मर्यादा असावी, असं म्हटलं आहे. आपल्या गल्लीला तर तीही जास्तच.

वेग कमी करायचा म्हटलं, की आपल्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे गतिरोधक. आमच्याकडेही सुचला. एका इमारतीचं काम चालू होतं, तिथलं उरलेलं काँक्रीट कोणीतरी रस्त्यावर ओतलं आणि एका रात्रीत गतिरोधक तयार झाला. अरुंद, उंच आणि पट्टे न मारलेला. काही दिवस सगळे खूश होते. मग पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, मुलाच्या मागे स्कूटरवर बसलेल्या एक बाई त्यावरून उडून पडल्या. मनगट मोडलं. साठी उलटलेली, स्वयंपाकाच्या कामावर घर चालवणारी बाई. तीन महिने त्यांचं काम बंद राहिलं.

त्यानंतरच्या बैठकीत सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, हा उंचवटा उद्याच्या उद्या उखडा. दुसऱ्या तटात लहान मुलांच्या आया होत्या. त्या म्हणाल्या, उखडा, पण मग आमची पोरं घराबाहेर कशी सोडायची तेही सांगा. श्रोतेहो, दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. अशा वेळी आवाज चढवून प्रश्न सुटत नाही, मोजपट्टी घेऊन सुटतो.

गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. भारतीय रस्ते परिषद, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, या संस्थेने १९८८ सालीच त्याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. १९८८ च्या तत्त्वांनुसार साधारण ताशी २५ किलोमीटरचा वेग राखायचा, तर गोलाईचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३ मीटर ७० सेंटिमीटर रुंद हवा. म्हणजे उंची जेमतेम वीतभराच्या निम्मी आणि रुंदी एका छोट्या मोटारीएवढी. त्यावर रंगाचे पट्टे हवेत आणि सुमारे ४० मीटर आधी सूचनाफलक हवा. अशा गतिरोधकावरून सावकाश जाणाऱ्याला धक्का बसत नाही, जोरात जाणाऱ्याला बसतो. आपण घरगुती बांधतो तो नेमका उलटा असतो. सावकाश जाणाऱ्या रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल करतो आणि धडधाकट मोटारसायकलवाला कडेच्या फटीतून सटकतो.

शेवटी आमच्याकडे असं ठरलं, की दोन्ही तटांच्या सह्यांचा एकच अर्ज द्यायचा. त्यात मागण्या दोन, जुना उंचवटा काढा आणि कोपऱ्यावर मापाचा करा. काम व्हायला सात महिने लागले, पण झालं. मधल्या काळात काय करायचं म्हणून काही जणांनी दोन संध्याकाळी वही घेऊन कोपऱ्यावर बसायचं ठरवलं. जोरात जाणाऱ्या गाड्या टिपायच्या होत्या. बाहेरचे लोक शॉर्टकट म्हणून घुसतात, असा सगळ्यांचा ठाम समज होता. तसे लोक होतेच. पण वहीत ओळखीचे नंबर इतके निघाले, की ती बैठकीत वाचून दाखवायची की नाही, यावरच अर्धा तास गेला! शेवटी वाचली नाही. पण वही आहे, एवढं कळल्यावरच बऱ्याच गाड्यांचा वेग उतरला.

दुसरी गोष्ट लक्षात आली, ती डागडुजीची. सुरक्षितता आणि डागडुजी या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. गल्लीत त्या एकच असतात. कोपऱ्यावरच्या मेंदीच्या कुंपणाचंच पाहा. माणसाच्या उंचीएवढं वाढलं होतं. वळणाऱ्याला समोरून येणारा दिसत नव्हता. बंगल्याच्या मालकांनी ते कमरेइतकं छाटलं. खर्च माळ्याच्या एका दिवसाच्या मजुरीचा, आणि त्या वळणावर रोजचे करकचून लागणारे ब्रेक थांबले. दिव्याचंही तसंच. खांबावर दिवा चालू होता, पण झाडाच्या फांद्यांनी प्रकाश वरच्यावर अडवला होता. खाली अंधारच. मात्र फांदी आपल्या मनाने तोडायची नसते. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे आणि महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती घेऊन नेमक्या फांद्या छाटल्या, झाडही राहिलं आणि उजेडही आला.

सर्वांत फसवं प्रकरण चेंबरच्या झाकणांचं. डांबराचा नवा थर पडला, की रस्ता वर येतो आणि झाकण खाली राहतं. तयार झालेला तो खड्डा नव्या गुळगुळीत रस्त्यात दिसतही नाही. पावसाचं पाणी साचलं की मुळीच नाही. त्यामुळे डांबरीकरण चालू असतानाच तिथल्या मुकादमाशी बोलून झाकणं वर उचलून घ्यावीत. रोलर निघून गेल्यावर केलेला अर्ज बरेच महिने फिरत राहतो. केबलसाठी खणलेल्या चरांचंही तेच. चर बुजवून डांबर घातलं का, हे कंत्राटदाराची माणसं तिथे असेपर्यंतच पाहायचं असतं.

कोणी म्हणेल, हे आम्ही का करायचं? कर भरतो ना? प्रश्न रास्त आहे. चांगला रस्ता देणं ही महापालिकेची जबाबदारीच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनेही, रस्त्याची रचना वा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे जीव गेला किंवा कोणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण भरपाईने मनगट पूर्वीसारखं होत नाही. हक्क सांगायचा आणि लक्षही ठेवायचं, अशा दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालायला हव्यात.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीतली आणखी एक तरतूद प्रत्येक आईवडिलांनी ऐकावी. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘क्लासला तर जातोय, गल्लीतल्या गल्लीत’ हे कौतुक किती महाग पडू शकतं, ते यावरून कळावं.

एकट्याने तक्रार केली तर ती तक्रार राहते, दहा घरांनी केली तर तिचं काम होतं. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचऱ्याच्या प्रश्नापासून अशी सुरुवात केली. त्यातून महापालिकेने ‘एएलएम’, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही योजना शहरभर नेली. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या प्रभागातली छोटी कामं मागवली जाऊ लागली. पदपथ, दिवे, बाक अशी कामं. अशा अर्जांची मुदत वर्तमानपत्रांत येते, आपण ती वाचतो आणि पान उलटतो. नगरसेवक असो वा प्रशासक, कागदावर न आलेलं काम कोणालाच दिसत नाही.

हे सगळं परदेशात आपोआप झालं, असं समजण्याचं कारण नाही. हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. तिथले आईबाप १९७२ पासून रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, ‘मुलांची हत्या थांबवा’. डेल्फ्ट शहरातल्या काही गल्ल्या आधीच निराळ्या आखल्या गेल्या होत्या. मध्ये झाडं, बाक, वळणं, गाडीने पायी चालणाऱ्याच्या गतीने जायचं. १९७६ साली अशा राहत्या गल्लीला तिथल्या कायद्याने मान्यता दिली. तिथे गाडी पाहुणी असते आणि माणूस यजमान.

आपल्या गल्लीत आज उलटं आहे. ते एकदम पालटणार नाही. पण एक गोष्ट या आठवड्यात करता येईल. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी शेजारच्या एखाद्या आजींना आणि एका सात-आठ वर्षांच्या मुलाला बरोबर घ्या आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश चालत जा. आजी जिथे हात धरतील आणि मूल जिथे रस्त्याच्या मध्यभागी यायला लागेल, त्या जागा कागदावर लिहून ठेवा. त्या कागदाखाली दहा घरांच्या सह्या घ्या, क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.