सह्याद्रीपासून थरपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत मुळशीतल्या कोळवणहून गाडीनं जोधपूर-जैसलमेरच्या पाहुण्यांकडे जायचा बेत आहे? मग ही माहिती तुमच्यासाठी.

पौडमार्गे चांदणी चौकात आलात, की राष्ट्रीय महामार्ग 48 लागतो. मुंबई परिसर, सुरत, अहमदाबाद करत तोच उदयपूरला पोहोचतो. तिथं अरवलीच्या रांगा भेटतात. अरवलीचं गुरुशिखर 1,722 मीटर उंच, आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षाही थोडं जास्तच. पण सह्याद्री पावसाळी वारे अडवतो, म्हणून मुळशीत धो धो पाऊस पडतो. अरवली त्या वाऱ्यांना जवळपास समांतर असल्यानं ते फारसे अडत नाहीत. म्हणूनच तिच्या पश्चिमेला थरचं कोरडं वाळवंट पसरलंय.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेक दाबू नका. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वाळवंटात भरपूर पाणी जवळ असू द्या, आणि रात्रीच्या गारठ्यासाठी स्वेटरही. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावावा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली, तर 1033 हा क्रमांक फिरवा. झोप येऊ लागली, तर मात्र गाडी थांबवाच. पाहुण्यांकडे चार तास उशिरा पोहोचलात तरी चालेल.