राष्ट्रपतींचं ‘आपण’



जबलपूरच्या मराठी घरांत एक प्रसंग नेहमी घडतो. दिवसभर शाळेत हिंदी बोलून आलेला नातू विचारतो, ‘‘आजी, आम्ही जेवायला कधी बसायचं?’’ पोळी लाटणारा आजीचा हात थांबतो. ‘‘आम्ही कोण रे? मी नाही का जेवायची? ‘आपण’ म्हण.’’ हिंदीचा ‘हम’ दोन्हीकडे चालतो. मराठीत मात्र ऐकणाराही धरलेला असेल तर ‘आपण’, त्याला वगळलं असेल तर ‘आम्ही’. हा फरक मराठीला द्रविड भाषांच्या शेजारातून मिळाला, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. मिळाला कुठूनही असो, तो फार मोलाचा आहे. राष्ट्रप्रमुख भाषणाला उभा राहून ‘वी’ किंवा ‘हम’ म्हणतो, तेव्हा त्यात कोण धरलं आणि कोण सुटलं, हे तपासायला याहून नेमकं साधन नाही.

व्हेनेसा बीझली या अमेरिकन विदुषीने आपली कारकीर्द याच प्रश्नाला दिली. टेक्सासमध्ये पीएच.डी., जॉर्जिया आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांत अध्यापन, आणि 2022पासून सॅन अँटोनिओच्या ट्रिनिटी विद्यापीठाचं अध्यक्षपद. त्यांचं ‘यू, द पीपल’ हे पुस्तक 2004 साली आलं. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची शपथविधीची आणि काँग्रेसपुढची, म्हणजे तिथल्या संसदेपुढची, वार्षिक भाषणं त्यांनी त्यासाठी ओळीने वाचली. त्यांना दिसलं ते असं: अमेरिकन कोण, हे राष्ट्राध्यक्षांनी रक्तापेक्षा समान श्रद्धांवरून सांगितलं. वरवर पाहता हे उदार वाटतं. पण या श्रद्धा कुणाला पेलतील, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडेच राहतो. स्थलांतरित, कृष्णवर्णीय आणि स्त्रिया या तिघांनाही त्या अधिकाराचा फटका बसला.

पण हा ‘वी’ कधी रुंदावतोही. 15 मार्च 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन काँग्रेसपुढे उभे राहिले. आठवड्यापूर्वी, 7 मार्चला, अलाबामातल्या सेल्मा इथे मताधिकार मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला होता. जॉन्सन म्हणाले की हा प्रश्न केवळ निग्रोंचा नाही, द्वेषाच्या वारशावर सगळ्यांनीच मात करायची आहे. लगेच त्यांनी आंदोलनातल्या गाण्याचे तीन शब्द उच्चारले: ‘वी शॅल ओव्हरकम’. आता याचं मराठी करून पाहा. रस्त्यावर मार खाणाऱ्याच्या तोंडी त्या ‘वी’चा अर्थ ‘आम्ही’ होता. टेक्सासच्या गोऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी तो ‘आपण’ झाला. इंग्रजीत एक अक्षरही बदललं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली.

हे सगळं दूर अमेरिकेतलं वाटत असेल, तर जबलपूरचं कमानिया गेट आठवा. जबलपूरजवळ त्रिपुरीला 1939मध्ये भरलेल्या काँग्रेस पक्षाच्या अधिवेशनाची ती आठवण. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षालाच लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत, म्हणजे जबलपूरने राष्ट्रपतींचं भाषण प्रजासत्ताकाच्या 11 वर्षं आधी ऐकलं आहे. सुभाषचंद्र बोस पट्टाभी सीतारामय्यांना 1377 विरुद्ध 1580 मतांनी हरवून अध्यक्ष झाले होते. अधिवेशनाच्या वेळी मात्र ते तापाने फणफणले होते. 52वं अधिवेशन म्हणून 52 हत्तींची मिरवणूक निघाली, तिच्यात अध्यक्षांऐवजी त्यांचं छायाचित्र होतं. छोटंसं अध्यक्षीय भाषण बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखवलं. ब्रिटिश सरकारला मुदतीची निर्वाणीची सूचना द्यावी, हा त्याचा गाभा होता. साम्राज्याला उद्देशून बोलताना ‘आम्ही’ हाच शब्द योग्य, आणि तो तिथे खणखणीत वाजला.

पण ही भूमी गढा-मंडल्याच्या गोंड राजांची. याच जबलपुरात 18 सप्टेंबर 1857 रोजी राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. त्यांचे वारस त्या ‘आम्ही’त होते का, असा प्रश्न विचारणारा माणूस त्याच 1939मध्ये, जानेवारीत, रांचीला आदिवासी महासभेच्या अध्यक्षपदावरून बोलत होता. तो जयपाल सिंह मुंडा. 1928च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचा कर्णधार. पुढे 19 डिसेंबर 1946 रोजी संविधान सभेत त्यांनी ‘जंगली’ हे नाव अभिमानाने स्वीकारलं आणि बजावलं की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिकावी लागेल. त्यांच्या मुंडारीतही ‘आबु’ म्हणजे आपण आणि ‘आले’ म्हणजे आम्ही. ते बोलले इंग्रजीत, पण त्यांच्या ‘वी’मागे हा ‘आले’ ऐकू येतो. तुमच्या ‘आपण’मध्ये आम्ही खरोखर आहोत का, एवढंच ते विचारत होते.

असाच प्रश्न पुढे राष्ट्रपतिपदावरून मांडणाऱ्या के. आर. नारायणन यांच्या भाषणांना अभ्यासकांनी अजून पुरेसा न्याय दिलेला नाही. दलित घरातून आलेल्या या पहिल्या राष्ट्रपतींनी 25 जानेवारी 2000 रोजी सोसत आलेल्या लोकांच्या संतापाचा इशारा दिला. दोन दिवसांनी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, राज्यघटना बदलण्याची चर्चा चालू असताना त्यांनी विचारलं: राज्यघटनेने आपल्याला निराश केलं, की आपण राज्यघटनेला? इथे ‘आपण’ला पर्याय नाही. ज्यांच्या समाजाला शतकानुशतकं बाहेर ठेवलं, त्यांनी सत्ताधाऱ्यांसकट सगळ्यांना एका शब्दात घेतलं, आणि दोषही वाटून घेतला. जॉन्सनना ‘आपण’ म्हणायला उंबरठा उतरून खाली यावं लागलं. नारायणन तोच शब्द उंबरठ्याबाहेरच्यांचा हक्क म्हणून बोलले. भारतीय राष्ट्रपतींच्या भाषणांतला हा सर्वांत मोठा ‘आपण’ आहे.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी 25 जुलै 2022 रोजी शपथेनंतर ‘जोहार’ या आदिवासी अभिवादनाने सुरुवात केली. त्यांच्या संथालीतही ‘आबो’ आणि ‘आले’ वेगळे आहेत. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिखित इंग्रजी भाषण संपल्यावर त्या हिंदीत बोलू लागल्या. विषय होता तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचा, ज्यांना आपले मूलभूत हक्कही ठाऊक नाहीत. समोर न्यायमूर्ती बसले होते. असं काळजातलं बोलणं टाइप केलेल्या कागदावर सापडत नाही. म्हणून राष्ट्रपतींच्या भाषणांचा अभ्यास छापील संहितेवर थांबवून चालणार नाही, ध्वनिफीत ऐकली पाहिजे.

हे काम जबलपुरातच व्हायला हवं. हिंदीच्या ‘हम’मध्ये राहून घरी ‘आम्ही-आपण’ सांभाळणारा मराठी माणूस, आणि मंडला-डिंडोरीपर्यंत पसरलेला गोंड-बैगा समाज, हे दोन्ही इथे एका बसच्या अंतरावर आहेत. दर 25 जानेवारीला राष्ट्रपतींचं भाषण हिंदी-इंग्रजीत होतं आणि आकाशवाणी ते प्रादेशिक भाषांतही ऐकवते. इथल्या तरुण अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे: येत्या 25 जानेवारीला मूळ भाषण आणि त्याचा मराठी अनुवाद शेजारी ठेवा. अनुवादकाने कुठे ‘आम्ही’ लिहिलं आणि कुठे ‘आपण’, त्याखाली रेघ मारा. मग ते पान घेऊन मंडल्याच्या बसमध्ये बसा आणि तिथल्या माणसाला विचारा, यातल्या कोणत्या शब्दात तो स्वतःला धरतो.