ताप उतरतो, परजीवी उरतो



पावसाळा सरत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास ऐकू येते : "डॉक्टर, मलेरियाचं औषध घेतलं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा तीच थंडी, तोच ताप. औषध खोटं होतं का?" या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

हिवताप एका एकपेशीय परजीवीमुळे होतो. १८८० साली अल्जीरियात लाव्हराँ यांनी तो रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या जठराच्या भिंतीत आढळला.

ॲनोफेलीस डासाची मादी चावली की परजीवी प्रथम आपल्या यकृताच्या पेशींत शिरतो. तेथे काही दिवसांत एकाचे हजारो होतात. रुग्णाला मात्र कसलीच जाणीव नसते. मग ते रक्तात उतरतात. तांबड्या पेशीला चिकटून परजीवी आपले निमुळते टोक तिच्याकडे वळवतो आणि मिनिटभराच्या आत आत शिरतो. शिरताना तो पेशी फोडत नाही. तिचेच आवरण आत ढकलून स्वतःभोवती पांघरून घेतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. आत शत्रू शिरल्याची वर्दी संरक्षक पेशींना देण्याची सोयही तिच्यापाशी नसते. तेथे हिमोग्लोबिनवर पोसून, सुमारे ४८ तासांनी, त्याची प्रजा पेशी फोडून बाहेर पडते. रुग्णाला हुडहुडी भरते ती तेव्हा.

फाल्सिपेरम जातीचा परजीवी याहून घातक. तो तांबड्या पेशींचा पृष्ठभाग चिकट करतो. त्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून राहतात आणि प्लीहेच्या गाळणीतून निसटतात. हे मेंदूत घडले की रुग्ण बेशुद्ध होतो. म्हणून तापात रक्ततपासणीस एका दिवसाचाही विलंब नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हायवॅक्स जातीचे काही परजीवी यकृतातच झोपी जातात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होतात. रक्तातील परजीवींना मारणाऱ्या गोळ्यांनी ताप उतरतो. यकृतातील निद्रिस्त परजीवींना त्यांचा धक्काही लागत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन द्यावे लागते, नेहमीच्या पद्धतीत चौदा दिवस. ते देण्यापूर्वी जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता नाही ना, हे तपासणे हिताचे, कारण तशा रुग्णाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत.

औषध खोटे नव्हते. बहुधा ते अपुरे पडले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटू लागते, रोजंदारी बुडवून पुन्हा रुग्णालयात येणे परवडत नाही आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. आम्ही यासाठी रुग्णाला दोष देत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे काम आमचे आहे आणि आपल्या देणगीचे मोल आम्हांला तेथेच जाणवते : वेळेवर झालेल्या रक्ततपासणीत, पूर्ण दिलेल्या औषधात, आठव्या दिवशी केलेल्या विचारपुशीत.

आप्तेष्टांना एकच विनंती. घरचा रुग्ण हसू-बोलू लागला, कामावर जाऊ लागला, तरी चौदाव्या दिवसापर्यंत रोज विचारा, "आजची गोळी घेतलीस ना?"