मीठ आणि धूर



वरवंडकरांच्या वतीनं आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. पाहुण्यांचं या गावाला नवल नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी यवतहून निघून आमच्याकडे मुक्कामाला येते. गावाच्या कितीतरी पट माणूस इथं उतरतो, जेवतो, भजन करतो आणि सकाळी पाटसच्या दिशेनं चालू लागतो. एवढ्या वैष्णवांची उस्तवार करणाऱ्या गावानं तुमच्यापुढे ‘काही उणंदुणं राहिलं तर गोड मानून घ्या’ असं म्हणणं बरं दिसत नाही. राहिलं तर सांगा, लगेच बघू.

हवामानाची परिषद पुणं सोडून वरवंडला कशाला, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ पासून पुण्यातच उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था आहे, ती आता पाषाणला आहे. म्हणजे देशाच्या पावसाचं गणित आपल्याच जिल्ह्यात मांडलं जातं. पण मंडळी, गणित पुण्यात मांडलं तरी पाटी आमची होती. त्याविषयीच मला बोलायचंय.

आधी आमची जमीन. हा जुना भीमथडी तालुका, तट्टांसाठी नावाजलेला आणि दुष्काळासाठी त्याहून जास्त. सह्याद्रीनं पाऊस अडवायचा आणि उरलासुरला आमच्या अंगावर शिंपडायचा, असा हा पर्जन्यछायेचा पट्टा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आमच्याकडे साडेचारशे-पाचशे पडला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. जवळच सुप्याच्या माळावर मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरतात. भरपूर पावसाच्या मुलखात हे जनावर राहत नाही.

त्याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आणि त्याच १८७५ साली सरकारनं हवामान खातं स्थापन केलं. योगायोगच तो. पण कर्जाच्या वह्या जळाव्यात आणि त्याच साली पावसाच्या वह्या निघाव्यात, याचं मला फार नवल वाटतं. पुढच्याच वर्षी पाऊस दडला आणि मोठा दुष्काळ पडला. मग पाऊस आधी सांगता येईल का, याचा ध्यास सुरू झाला. खात्याच्या ब्लॅनफर्ड साहेबांनी हिमालयातल्या बर्फावरून आडाखे बांधले. पुढे त्याच खात्यात आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे आकडे ताडून पाहिले आणि सांगितलं, की प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यात हवेच्या दाबाचा झोका हलत असतो. आज आपण अल निनो म्हणतो, त्याचं दुसरं टोक ते. सुप्याच्या माळावरचा पाऊस पेरूच्या किनाऱ्यावर ठरतो, हे तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

आता पाटीची गोष्ट. ७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, सुकडी खाल्ली आणि खडी फोडली, अशी माणसं आज समोर बसली आहेत. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७३ च्या पावसाळ्यात, पुण्याच्या संशोधन संस्थेनं ढगांत मीठ पेरायला सुरुवात केली. क्षेत्र कुठलं? पुण्याच्या पूर्वेला चाळीस किलोमीटरपासून पुढे, अहमदनगर आणि बारामतीच्या अंगाचा सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचा टापू. नकाशा उलगडून बघा, आपण कुठं बसलोय ते.

प्रयोग कसा केला तेही ऐका, कारण मला त्याचंच जास्त कौतुक आहे. टापूचे तीन पट्टे केले, उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला. मधला कायम मोकळा ठेवायचा. कोणत्या दिवशी उत्तरेला मीठ टाकायचं आणि कोणत्या दिवशी दक्षिणेला, हे शास्त्रज्ञानं आभाळ बघून ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकावी तसं दैवावर सोडायचं. नाहीतर माणूस भरलेला ढग बघूनच मीठ टाकणार आणि पाऊस पडला की श्रेय घेणार. मिठाची बारीक पूड, ती गुठळू नये म्हणून तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी, आणि वर विमान. मधली काही वर्षं वगळून १९८६ पर्यंत असे अकरा पावसाळे झाले. निष्कर्ष निघाला, की पेरलेल्या बाजूला पाऊस २४ टक्क्यांनी जास्त पडला, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात चार. जगात या विषयावर अजून वाद आहेत. अलीकडे २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला वेगळ्या पद्धतीनं २७६ ढगांवर प्रयोग झाला, तिथं सरासरी १८ टक्के वाढ मिळाली. मात्र ढगच नसेल तर पेरणार कशात? दुष्काळी सालात विमानाची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. इथं काही पुढारी बसलेत, राग मानू नये.

मिठानं काय होतं? ढगात पाण्याचे बारीक थेंबुटे असतात. असे सुमारे दहा लाख थेंबुटे एकत्र येतील तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. मिठाचा कण जाडसर आणि ओल खेचणारा, त्याच्याभोवती मोठा थेंब धरतो. तो जड होऊन खाली येताना वाटेतल्या बारक्यांना पोटात घेतो, आणि पाऊस लागतो.

आता दुसरा प्रयोग. तो आपण सगळे मिळून करतोय, आणि त्याला ना चिठ्ठी, ना मोकळा पट्टा.

ऊस तुटून गेला की आपण फडाला काडी लावतो. पाचट भरभर पेटतं, अर्ध्या तासात रान मोकळं. आमच्या तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ, दौंडचा गूळ लांबवर जातो. पूर्वी चुलवाणात फक्त चिपाडं जायची. आता काही ठिकाणी टायरचे तुकडे, प्लास्टिक आणि चपलांच्या कारखान्यातला चोथाही जातो. काहिलीत पिवळाधमक गूळ आणि धुराड्यातून काळा लोळ. त्यात हमरस्त्यावरच्या गाड्यांचा धूर मिळवा. या धुराचे कण मिठापेक्षा कितीतरी बारीक आणि असंख्य. ढगात ओलावा तेवढाच, पण तो धरून बसणारे कण अफाट. पंगतीत बुंदी तेवढीच आणि पानं दहापट मांडली, तर प्रत्येकाच्या पानावर चार कण पडतात, तसं ढगात होतं. थेंबुटे बारीकच राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. उथळ ढग न बरसताच पुढे सरकतो. उंच वाढणारा ढग असेल तर पाणी खाली पडायच्या ऐवजी वर गोठणाऱ्या थरात जातं, आणि मग काही वेळा तो विजा आणि गारा घेऊन उतरतो.

म्हणजे बघा, वर शास्त्रज्ञांनी मीठ टाकून थेंब मोठे करायचे आणि खालून आपण धूर सोडून ते बारीक करायचे. सरकारचं विमान आणि आपलं चुलवाण, दोघांचं गिऱ्हाईक एकच ढग. सह्याद्रीच्या सावलीतल्या माणसाला हा उद्योग परवडणारा नाही. आणि पाचट जाळू नका, त्याची कुट्टी करून सरीत दाबा, असं सांगणारा कृषी सहायक दरवर्षी घसा कोरडा करून जातो, तोही याच सभेत बसलाय. त्याला एकदा टाळ्या द्या.

ऊस हाही प्रयोगच. खडकवासल्याचं पाणी मुठा कालव्यानं आलं, व्हिक्टोरिया तलाव भरायला लागला, आणि जिथं बाजरी आणि मटकी व्हायची तिथं अठरा महिन्यांचा आडसाली ऊस उभा राहिला. हे पाणी पानापानांतून हवेत जातं. शिवारातली ओल, रात्रीचा उकाडा, संध्याकाळी ढग चढण्याची वेळ, यावर त्याचा परिणाम होणारच. ऊस सोडा असं मी म्हणत नाही, माझाही ऊसच आहे. पण १९७३ च्या प्रयोगाला जी कसोटी लावली तीच या प्रयोगालाही लावा, ही माझी शास्त्रज्ञ मंडळींना विनंती आहे. जाणून केलेल्या फरकाला अकरा वर्षांचं मोजमाप, आणि न जाणता केलेल्याला काहीच नाही, हा कसला हिशेब?

बाकी समुद्राचा हिशेब तर लागतोच आहे. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्याच संशोधकांनी दाखवलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात त्यातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं शिरलं आणि मावळ, खेड, जुन्नरची पॉलिहाऊसं घेऊन गेलं. आमच्याकडे मात्र संकट बहुधा पूर्वेकडून येतं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण, सोलापूर करत दुसऱ्या दिवशी इकडे आलं, आणि दौंड-इंदापूरचे कोरडे ओढे माणसं वाहून नेण्याइतके फुगले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस राज्यात २५ मे रोजीच पोचला, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी. त्याच दिवसांत बारामतीजवळ निरा डावा कालवा फुटला. रोहिणीत मृगापेक्षा जास्त पाऊस, असं आमच्या म्हाताऱ्यांनीही सांगितलं नव्हतं. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, यावर पेरणी करणाऱ्यांनी आता काय करायचं?

वेधशाळेची थट्टा करायची आपल्याकडे जुनी खोड आहे. बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर २०१७ मध्ये अंदाज चुकल्याबद्दल पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती! चक्रीवादळाचा मार्ग आता वेधशाळा तीन-चार दिवस आधी चांगला सांगते, हे मान्य केलं पाहिजे. वळवाचं तसं नाही. वळवाचा ढग दुपारी दोनला नसतो आणि पाचला डोक्यावर असतो.

एप्रिलमधली दुपार धरा. कांदा काढून पातीखाली सुकायला घातलाय, वीस गुंठे. ताडपत्री आहे दोन गुंठ्यांची. तीन वाजता मोबाईलवर पिवळा इशारा येतो : पुणे जिल्हा, तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस. तुरळक म्हणजे चार ठिकाणांतलं फार तर एक. ते एक वरवंड की वेल्हे? भीमेच्या अंगाला ढग काळवंडलाय. रोजानं आलेल्या बायकांची सुटायची वेळ झाली. कांदा गोळा करून झाकावा तर उन्हानं आत वाफ धरून सडतो, न झाकावा तर भिजून सडतो. या माणसाला ‘पाऊस पडेल की नाही’ याचं उत्तर नकोय. सहा वाजेपर्यंत शंभरात किती शक्यता आहे, एवढंच त्याला हवंय. साठ असेल तर तो बायकांना दुप्पट रोज देऊन थांबवेल, दहा असेल तर घरी जाईल. पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी कर्नाटकात पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून नेमकं हेच केलं. आधी त्यांना विचारलं की तुम्हाला ठरवायचं काय असतं, आणि मग पावसाच्या आकड्यांतून पेरणीची वेळ शोधली. आमची मागणी त्याहून मोठी नाही. घाटाचा इशारा आता वेगळा निघतो, चांगलं झालं. पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांचाही तसाच निघावा.

मोजमापाचं एक गाऱ्हाणं राहिलं. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस नोंदला तर अतिवृष्टी, मग पंचनामा, मग भरपाई. यंत्र मंडळात एका जागी. वळीव पडतो बांध बघून. कालव्याच्या अलीकडे सरी भरून वाहतात आणि पलीकडे धूळ उडते. यंत्र पलीकडे असेल तर अलीकडचा माणूस कागदावर कोरडाच. म्हणून स्वागत समितीनं ठरवलंय, की परिषदेच्या शिल्लक निधीतून पंचक्रोशीतल्या शाळांच्या आवारात साधी पर्जन्यमापकं बसवायची. रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्याच वेळेला, पोरांनी वाचायची आणि वहीत लिहायची. त्या आकड्यांवर भरपाई मिळणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दहा वर्षांनी कोणी शास्त्रज्ञ धूर, ऊस आणि पाऊस यांचा ताळा मांडायला बसला, तर त्याला वही मिळेल. यंत्र कसं लावायचं, झाडापासून किती लांब, हे आज पाहुण्यांनी प्रत्यक्ष करून दाखवायचं कबूल केलंय.

दोन सूचना करतो आणि माईक सोडतो. जेवण दीड वाजता, शाळेमागच्या मांडवात. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि ताजी काकवी, तीही फक्त चिपाडावर चालणाऱ्या गुऱ्हाळातली. आणि गुऱ्हाळमालकांनी जेवून लगेच गाड्या काढू नयेत. दुपारचं पहिलं सत्र चुलवाणाच्या जळणावर आहे, त्यात बोलणारे तुम्हीच आहात. तुमची नावं फळ्यावर लिहून ठेवली आहेत.