मान डोलावली म्हणजे संमती नव्हे



डॉक्टरांच्या शब्दाआधी त्यांचा चेहरा बोलतो, हे आम्ही खेड्यातली माणसे जाणतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची शासकीय पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कर्करोगाची भीती घातल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. भेदरलेली बाई प्रश्न विचारीत नाही. नुसती मान डोलावते.

म्हणून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींना आमची विनंती आहे. कागदावरची नजर उचला. रुग्णासमोर बसा. हात लावण्यापूर्वी विचारा. तिच्या गप्प राहण्यालाही थोडा वेळ द्या. तिला काय समजले ते तिच्याच तोंडून ऐका आणि मगच सहीचा कागद पुढे करा.